कोंड्याचा मांडा

मराठी भाषेत ‘कोंड्याचा मांडा करणे’ असा एक वाक्प्रचार आहे. मांडा हे पक्वान्न मोठे नाजूक. त्यासाठी गव्हाचे अत्यंत तलम सपीट लागते. ते मऊसूत भिजवून त्याचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत रुमालासारखा पातळ पसरतात आणि विस्तवावर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद भाजतात. खानदेशात मांड्याच्या पोटी पुरण घालतात, तर बेळगावकडे त्यात पिठीसाखर भरतात. याच्या उलट कोंडा म्हणजे पीठ चाळल्यावर चाळणीत उरणारे टरफल. कोंड्यापासून मांडा करणे ही गोष्ट वस्तुतः अशक्यच होय. तरीही जी गृहिणी घरात असेल त्या साध्यासुध्या साहित्यातून सर्वांच्या तोंडी गोड घास घालते, ती ‘कोंड्याचा मांडा’ करते असे लोक म्हणतात. या तीन शब्दांत काटकसरीचे सारे मर्म सामावलेले आहे.

काटकसर या शब्दाचा पुष्कळांना धाक वाटतो. काटकसर म्हणजे मन मारणे, चांगले खाणे-लेणे सोडणे, घर ओकेबोके ठेवणे अशी त्यांची समजूत असते. परंतु ही काटकसर नव्हे, ही कृपणता झाली. कृपण मनुष्य जवळ असलेली वस्तूही वापरीत नाही. काटकसरी मनुष्य मात्र जवळ असलेल्या वस्तूचा कणही वाया जाऊ देत नाही. कृपणाच्या घरी सण येतो आणि तसाच निघून जातो. काटकसरी माणसाच्या घरी सणाला गोडधोड होते, दारात रांगोळी उमटते आणि उंबरठ्यावर तोरणही लागते. मग पैसा कमी असताना हे साधते तरी कसे? पैशाची उणीव तेथे दुसऱ्या तीन गोष्टी भरून काढतात. त्या म्हणजे ज्ञान, वेळ आणि हातांची कसबगारी.

याचे अगदी साधे उदाहरण म्हणजे पोळीचा लाडू. रात्रीच्या चार पोळ्या उरल्या, तर सकाळी त्या कोणालाच नकोशा वाटतात. अशा पोळ्या तव्यावर जराशा कोरड्या करून हाताने बारीक कुस्करतात. त्यांत अर्धी वाटी किसलेला गूळ, दोन चमचे तूप आणि थोडी वेलदोड्याची पूड मिसळली आणि मिश्रण चांगले मळले, की त्याचे लाडू वळता येतात. आदल्या दिवशी ज्या पोळीकडे कोणी पाहत नव्हते, तिच्याच लाडवासाठी मुले हात पुढे करतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा लाडू ताज्या पोळीचा तितकासा चांगला होत नाही. ताजी पोळी मऊ व ओलसर असल्याने कुस्करताना तिचा लगदा होतो. पोळी शिळी होते तेव्हा तिच्यातील पिष्टमय भाग घट्ट बनतो. म्हणून ती मोकळी कुस्करली जाते आणि तिचा रवाळ चुरा होतो. म्हणजे शिळेपणा हा जो पोळीचा दोष, तोच लाडवाच्या कामी गुण ठरतो. वस्तूचा दोष ओळखून त्याला गुणाच्या जागी बसविणे, हीच काटकसरीतील खरी हुशारी होय.

अर्थात या हुशारीलाही मर्यादा आहे. ज्या पोळीला आंबूस वास येऊ लागला किंवा जिच्यावर बुरशीचे ठिपके दिसले, ती टाकूनच दिली पाहिजे. चार पोळ्या वाचविण्यासाठी घरातील माणसांची प्रकृती बिघडविणे हा व्यवहार केवळ तोट्याचा आहे.

पोळीच्या लाडवाला वेळ थोडा लागतो. परंतु काही पदार्थ असे आहेत, की त्यांत साहित्य अगदी थोडे आणि धीर मात्र फार लागतो. अनारसा हा त्यांपैकी एक. तांदूळ, गूळ, थोडी खसखस आणि तळण्यापुरते तूप, एवढेच त्याचे भांडवल. तांदूळ धुऊन तीन दिवस भिजत ठेवतात आणि रोज त्यांवरील पाणी बदलतात. चौथ्या दिवशी ते उपसून स्वच्छ कापडावर सावलीत पसरतात. ते पुरते वाळू न देता, हाताला ओलसर लागत असतानाच कुटतात आणि बारीक चाळणीने चाळतात. या पिठीत तिच्याइतकाच किंवा किंचित कमी गूळ मिसळून, घट्ट गोळा करून तो डब्यात ठेवतात. तीनचार दिवसांनी तो गोळा चांगला मुरला, म्हणजे लहान गोळी घेऊन ती खसखशीवर थापतात आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद विस्तवावर तुपात तळतात. अनारसा उलटायचा नसतो. झाऱ्याने वरून तूप उडवीत त्याला शिजवावे लागते.

या प्रत्येक कृतीला कारण आहे. तीन दिवसांच्या भिजण्याने तांदळाचा दाणा मऊ होतो आणि किंचित आंबतो. त्यामुळे त्याची पिठी अतिशय बारीक निघते. पिठीत राहिलेला ओलावा गूळ हळूहळू शोषून घेतो आणि स्वतः पाझरू लागतो. म्हणून पाण्याचा थेंबही न घालता पीठ आपोआप मऊ होते. गुळाने ओलावा असा बांधून ठेवल्यामुळे त्या पिठात जंतूंना वाढण्यास वाव मिळत नाही आणि ते पुष्कळ दिवस टिकते. तुपात पडल्यावर आतील पाण्याची वाफ वाट काढीत बाहेर येते. तिच्या त्या वाटा म्हणजेच अनारशावरील सुंदर जाळी. मात्र गूळ जास्त झाला, तर अनारसा तुपात विरघळून इतस्ततः पसरतो. त्या वेळी ‘अनारसा हसला’ असे म्हणण्याची रीत आहे. अनारसा हसला, की करणारीला रडू यावयाचे. परंतु जाणती गृहिणी रडत बसत नाही. ती त्या पिठात थोडी कोरडी पिठी मिसळते आणि पुन्हा एक अनारसा टाकून पाहते.

पैसे देऊन मिठाई विकत घेणाऱ्याला या आठ दिवसांच्या खटपटीचे नवल वाटेल. परंतु पूर्वी साध्या घरांत असा हिशेब होता, की महाग वस्तू आणता येत नसेल, तर स्वस्त वस्तूवर अधिक कष्ट घ्यावे. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. तांदूळ-गुळासारखे घरगुती साहित्य मानाच्या वाणाच्या योग्यतेला पोहोचले, ते त्यावर घेतलेल्या या कष्टांमुळेच.

खाण्याची वस्तू आणि शोभेची वस्तू या दोहोंचा मनोहर संगम संक्रांतीच्या हलव्यात पाहावयास मिळतो. तिळाचा काटेरी हलवा करण्यासाठी शेगडीवर अगदी मंद निखारे ठेवतात. त्यांवर पसरट भांड्यात मूठभर तीळ घालून, त्यांवर साखरेच्या पाकाचा एक लहान चमचा सोडतात आणि बोटांच्या टोकांनी तीळ सतत हलवीत राहतात. पाकातील पाणी आटून साखरेचा एक झिरझिरीत थर प्रत्येक तिळावर बसतो. मग दुसरा चमचा, मग तिसरा. असे तासन्‌तास, आणि बहुधा दोन-तीन दिवस चालते. हळूहळू तीळ टपोरे होतात आणि त्यांच्या अंगावर साखरेचे शुभ्र काटे फुटू लागतात. पाक एकदम ओतला, तर सगळ्यांचा मिळून एक ढेकूळ होतो; निखारे प्रखर झाले, तर साखर पिवळी पडते; हात थांबला, तर दाणे एकमेकांस चिकटतात. पौष महिन्यातील कोरडी थंड हवा या कामास अनुकूल असते. ज्या सणाला हा हलवा लागतो, तो सण नेमका याच दिवसांत येतो, हे विशेष होय.

या हलव्याचे पुढे दागिने होतात. हलव्याचे दाणे दोऱ्यात ओवून किंवा दोऱ्याने गुंफून, त्यांना थोडी जरीची जोड देऊन हार, बांगड्या, बाजूबंद, मुकुट असे नाना अलंकार करतात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर आणि बोरन्हाणाच्या वेळी लहान बाळाच्या अंगावर ते घालतात. त्या दिवशी वस्त्र काळे असते. काळ्या वस्त्रावर हे पांढरेशुभ्र दागिने असे उठून दिसतात, की पाहणाऱ्याने मोत्यांचे अलंकार विसरावे! ज्यांच्या घरी सोन्याचा मणीही नसे, त्यांच्या घरची सूनही त्या दिवशी नखशिखान्त अलंकारांनी नटे. त्या अलंकारांची किंमत पाहू गेल्यास थोडे तीळ, थोडी साखर आणि दोऱ्याचे एक रीळ. परंतु त्यांत घरातील किती बोटांची किती वेळची मेहनत साठविलेली असे, त्याची मोजदाद कोण करणार?

स्वयंपाकघरातून माजघरात यावे, तर तेथेही हाच न्याय लागू असल्याचे दिसते. जुन्या घरांतून अंथरुणांच्या वळकटीत एखादी गोधडी असावयाचीच. काही भागांत तिला वाकळ असेही म्हणतात. नऊवारी लुगडे वापरून वापरून विरले, धोतर झिजले, मुलांचे कपडे आखूड झाले, म्हणजे ते टाकून न देता बांधून ठेवीत. पुरेसे कापड साठले, की सारवलेल्या स्वच्छ जमिनीवर आधी एक अखंड लुगडे ताणून पसरीत. त्याच्या चार कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवीत. त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे एकाशेजारी एक असे मांडीत, की कोठे उंचवटा राहू नये आणि कोठे खळगाही पडू नये. त्यावर पुन्हा एक लुगडे घालून, कडेपासून आत आत येत साध्या धावदोऱ्याने सगळे थर एकत्र शिवीत. लुगडे मध्यभागी लवकर विरते, पण त्याचे काठ चांगले दणकट राहतात. म्हणून ते काठ वेगळे काढून गोधडीच्या चारी कडांना लावण्याची युक्ती होती. जेथे ओढाताण अधिक, तेथे मजबूत कापड; शिवाय त्याच काठांची गोधडीला रंगीत किनारही होई. असे एकाच युक्तीने टिकाऊपणा आणि शोभा ही दोन्ही साधत.

गोधडीची ऊब कोठून येते? जुन्या कापडात स्वतःची काही उष्णता नसते. ऊब येते ती थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे. हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. अंगाची उष्णता तिच्यातून सहजासहजी बाहेर जाऊ शकत नाही. एका जाड कापडापेक्षा अनेक पातळ थरांत हवा अधिक अडकते. म्हणून विरलेल्या लुगड्यांचे चारसहा थर एकत्र आले, की थंडीच्या रात्रीही झोप सुखाची लागते. धावदोऱ्याचे जवळजवळ घातलेले टाके थरांना जागच्या जागी धरून ठेवतात, त्यामुळे धुतल्यावर आतील चिंध्यांचा बोळा होत नाही. शिवाय अनेकदा धुतलेले सुती कापड नव्या कापडाहून मऊ असते. म्हणूनच तान्ह्या बाळासाठी नव्या कापडाच्या दुपट्यापेक्षा जुन्या लुगड्याची लहान गोधडी अनेक आज्या पसंत करतात.

ही कला एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर शिवून ‘कांथा’ तयार करतात. तेथील स्त्रिया साड्यांच्या काठांतून निघालेले रंगीत दोरे जपून ठेवीत आणि त्याच दोऱ्यांनी कांथ्यावर फुले, पक्षी आणि माणसे भरीत. ज्या प्रांतांत सुती वस्त्र आणि काटकसरी हात एकत्र आले, तेथे तेथे अशा वस्तू निर्माण झाल्या.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण सर्वांना पाठ असते. अंथरूण अपुरे असेल, तर पाय आखडून घ्यावेत, असा तिचा उपदेश आहे आणि तो खोटा नव्हे. परंतु गोधडी शिवणारी स्त्री आणखी एक पाऊल पुढे जाते. ती पाय आखडून स्वस्थ बसत नाही. चार चिंध्या जोडून ती अंथरूणच मोठे करते. काटकसर म्हणजे नुसते कमी खर्च करणे नव्हे, तर आहे त्यात भर घालणे, हा अर्थ या गोधडीइतका स्पष्ट दुसरे कोण करून दाखविणार?

दिवाळी आली, म्हणजे ही भर घालण्याची संधी मुलांनाही मिळते. बाजारात नाना आकारांचे आकाशकंदील टांगलेले असतात. परंतु बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि वाटीभर खळ एवढ्या सामग्रीत घरीच चांदणीचा कंदील तयार होतो. त्यासाठी दीड फूट लांबीच्या दहा कामट्या तासून गुळगुळीत करून घ्याव्यात. त्यांपैकी पाच कामट्या एकमेकींवरून व एकमेकींखालून नेऊन पाच टोकांची चांदणी करावी आणि टोके दोऱ्याने घट्ट बांधावीत. उरलेल्या पाच कामट्यांची तशीच दुसरी चांदणी करावी. दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून त्यांची पाचही टोके एकत्र बांधावीत. आता मधोमध, जेथे कामट्या एकमेकींना छेदतात अशा पाच ठिकाणी, चार बोटे लांबीच्या पाच आखूड काड्या दोन्ही चांदण्यांमध्ये उभ्या बसवाव्यात. तत्काळ त्या सपाट चांदणीला पोट येते आणि ती फुगीर दिसू लागते. लवचिक कामट्या पूर्ववत सरळ होऊ पाहतात, काड्या त्यांना दूर सारतात, आणि या दोहोंच्या ताणाने सांगाडा घट्ट उभा राहतो.

कागद चिकटविण्यासाठी विकतचा डिंकही लागत नाही. दोन चमचे मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा. मग त्यात एक वाटी पाणी घालून ते मंद आचेवर ढवळीत राहावे. उष्णतेने पिठाचे सूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात आणि पांढुरक्या दुधाची दाट, चकचकीत खळ बनते. थंड पाण्यात आधी कालविण्याचे कारण हेच, की पीठ एकदम उकळत्या पाण्यात पडले, तर वरचे कण तत्काळ फुगून आतल्या कोरड्या पिठाभोवती आवरण धरतात आणि गुठळ्या होतात. पतंगी कागद सांगाड्याच्या मापाने कापून या खळीने चिकटवावा. दिवा ठेवण्यासाठी मागील एक भाग मोकळा सोडावा. कागद वाळताना आक्रसतो आणि ढोलकीच्या कातड्याप्रमाणे ताणून बसतो. पूर्वी कंदिलात पणती ठेवीत. त्या वेळी जळण्यास हवा मिळावी आणि तापलेली हवा बाहेर जावी, म्हणून खाली व वर वाट ठेवावी लागे. एवढे करूनही कागद पेट घेण्याचे भय राहत असे. आता फारसा न तापणारा लहानसा विजेचा दिवा मिळतो, तोच वापरणे शहाणपणाचे. दिवा लागला, की पातळ कागदातून प्रकाश सर्व बाजूंना विखुरतो आणि आतला दिवा न दिसता सारी चांदणीच उजळते.

पुढच्या वर्षी कागद फाटला, तरी सांगाडा तसाच असतो. त्याला नवा कागद लावला, की कंदील पुन्हा नवा. बाजारातील चकचकीत कागदी-प्लास्टिकचा कंदील मोडला, तर तो बहुधा दुरुस्त होत नाही. तो कचऱ्यातच जातो, आणि प्लास्टिक तर मातीत मिसळूनही जात नाही. वस्तू आपल्या हाताने केलेली असली, म्हणजे ती कोठे बांधली आणि कोठे चिकटविली हे ठाऊक असते. म्हणून ती मोडली तरी पुन्हा जोडता येते.

घराच्या भिंतीही अशाच स्वस्त साधनांनी सजत आल्या आहेत. कळीचा चुना पाण्यात टाकला, की तो खदखदून उठतो. म्हणून हे काम जाणत्या माणसांनीच करावयाचे असते. निवलेला पातळ चुना भिंतीवर दिला, म्हणजे तो हवेतील कार्बन डायॉक्साइड वायू हळूहळू शोषून घेतो आणि चुनखडीसारखा कठीण होतो. चुन्यात चिमूटभर नीळ घातली, की त्याचा पिवळसरपणा लोपून पांढरेपणा अधिक खुलतो. अशी भिंत प्रकाश परतविते. त्यामुळे त्याच एका दिव्याने अंधारी खोली अधिक उजळ दिसते. खाली गेरूचा पट्टा ओढला, की पांढऱ्या भिंतीला तांबडी किनार मिळते.

पालघर जिल्ह्यातील वारली लोकांनी तर अशाच साधनांतून जगाने वाखाणावी अशी कला निर्माण केली. कुडाच्या भिंतीवर शेणामातीचा लेप, त्यावर गेरूचा हात, आणि त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. कुंचला म्हणजे टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडी. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीनच आकृत्यांतून डोंगर, झाडे, गुरे आणि तारप्याच्या सुरावर फेर धरून नाचणारी माणसे तेथे अवतरतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले, की झाले माणसाचे शरीर! लग्नप्रसंगी सुवासिनींनी काढावयाची ही चित्रे जिव्या सोमा मशे यांनी पुढे कागदावर व कापडावर आणली आणि देशोदेशी पोहोचविली. भारत सरकारने २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. साधने किती थोडी होती, हे पाहिले म्हणजे कला साधनांच्या किमतीत नसते, हे निराळे सांगावे लागत नाही.

तथापि काटकसरीचे कौतुक करताना दोन गोष्टींचा विसर पडता कामा नये. पहिली गोष्ट अशी, की काटकसर निराळी आणि दारिद्र्य निराळे. कोंड्याचा मांडा करण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांतील पुष्कळांनी ती हौसेने पत्करलेली नव्हती. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या कामांवर राबत होती आणि त्या कामांवर सुकडी नावाचा कोरडा, पौष्टिक आहार वाटण्यात येई. त्या माणसांना काटकसरीचा पाठ देण्याची आवश्यकता नव्हती. त्यांना काम आणि अन्न हवे होते. जेथे पोटापुरतेही नाही, तेथे कसब दाखवावयास वावच उरत नाही. म्हणून दुसऱ्याच्या उपासाला काटकसर असे गोंडस नाव देऊन मोकळे होणे हे माणुसकीला शोभत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आठ दिवसांचे अनारसे, तीन दिवसांचा हलवा, दुपारच्या विश्रांतीत टाका टाका घालून झालेली गोधडी; यांत पैसा लागला नाही हे खरे, परंतु ज्या वेळाची भर पडली, तो वेळ बहुतेक घरांतील स्त्रियांचा होता. सणाचे पान सर्वांनी जेवावे आणि सणाचे कष्ट मात्र एकटीने उपसावेत, हा काही न्याय नव्हे. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाने यांतील काही काम आपलेसे केले, तर आईचे ओझे हलके होईल. शिवाय ती विद्याही त्यांच्या हाती येईल.

कारण ही विद्या बहुतांशी हातांतच राहते. ‘हाताला लागेल तितके पाणी’, ‘चवीपुरते मीठ’, ‘बोटाला चिकटेल असा पाक’ ही तिची भाषा आहे. पुस्तके तिला मदत करतात. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ या पुस्तकाने वाटी-चमच्याचे माप देऊन असंख्य नवशिक्यांना स्वयंपाक शिकविला. परंतु पिठी किती ओली असताना कुटावी, हे शेवटी बोटांनीच ठरवावे लागते, आणि बोटांना ते कळते ते दुसऱ्या बोटांशेजारी बसून. ज्या घरात एका पिढीने हलवा केला नाही, त्या घरातील पुढच्या पिढीला तो विचारावा तरी कोणाला? सोनेनाणे हरवले, तर ते पुन्हा मिळविता येते. हातचे कसब हरवले, तर ते परत मिळविणे त्याहून कठीण असते.

म्हणून येत्या सणाला बाजारात जाण्यापूर्वी घरात एकदा शोधक नजरेने पाहावे. कोपऱ्यात पडलेली एखादी कामटी, पेटीच्या तळाशी ठेवलेले आजीचे विरलेले लुगडे, डब्यात उरलेली वाटीभर तांदूळपिठी यांत काय काय दडलेले आहे, याचा विचार करावा. आणि जे ठाऊक नसेल, ते घरातील वडील माणसांना विचारावे. पहिली चांदणी वाकडी होईल, पहिला अनारसा हसेल, पहिला टाका मोठा पडेल. त्याने खचून जाण्याचे कारण नाही. चाळणीत राहिलेला कोंडा टाकण्यापूर्वी जो क्षणभर थांबतो आणि ‘याचे काय करता येईल?’ असे स्वतःला विचारतो, त्याला मांड्याची वाट सापडली असे समजावे.